दार नावाचा रकाना

सकाळचे अकरा वाजले आणि सगळीकडचे फोन जोरात सुरू झाले, की आबा खुर्चीतून उठायचे, आतल्या खोलीत जायचे आणि एखाद्या सर्व्हरची वायर उपटायचे. न सांगता. महिन्यातून एकदा तरी. कोणत्या दिवशी, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मग ती वायर हातात धरून खोलीच्या उंबऱ्यात उभे राहायचे आणि आमच्या तोंडांकडे बघत बसायचे.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्या कचेरीत नोकरीला लागून बारा दिवस झाले होते. पुण्यात तीन वर्षं हेच काम करून, वडिलांच्या आजारपणामुळे मी जळगावला परतले होते. चालू सर्व्हरची वायर भर दिवसा हाताने काढणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी ओरडलेच. आबांनी मला गप्प राहायची खूण केली आणि कान देऊन ऐकत राहिले. दीड-दोन मिनिटं गेली. कुणाची तक्रार आली नाही. जे फोन त्या सर्व्हरवर होते ते आपसूक दुसऱ्यावर गेले होते.

"धकनं," म्हणजे निभावलं, असं म्हणून आबांनी वायर परत खोचली आणि डबा उघडला.

आमचे मालक, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, काचेच्या केबिनमधून हे बघत असत. त्यांचे आजोबा राजस्थानातून येऊन इथे विजेच्या सामानाचं दुकान टाकून बसले होते. त्या दुकानाचं पुढे मोटारपंपांचं झालं आणि भाऊंच्या हाती आल्यावर इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनचं. त्यातलं आपल्याला काही कळत नाही, हे भाऊ कुणालाही सांगत. आबांची तक्रार घेऊन मी केबिनमध्ये गेले की ते मन लावून ऐकायचे, चहा मागवायचे आणि म्हणायचे, "ताई, तुमचं बरोबर आहे. पण आबा आहेत ते." या वाक्याचा अर्थ काय लावायचा ते मला कधीच कळलं नाही.

आमचं काम सांगायला सोपं होतं. दवाखाने, दुकानं, शाळा, कारखाने यांना आम्ही टेबलावरचे फोन देत असू. तार टेलिफोन खात्याची नाही, इंटरनेटची. हे फोन चालवायला तीन सर्व्हर होते, दोन आमच्या जळगावातल्या पिंप्राळ्याच्या कचेरीत आणि एक धुळ्यात. कोणता फोन कुणाचा, तो कुठे आहे, चालू आहे की बंद, ही सगळी माहिती मात्र एकाच ठिकाणी होती. एकच डेटाबेस, आणि तिन्ही सर्व्हर त्यातच वाचायचे, त्यातच लिहायचे. म्हणून तर एकाची वायर काढली तरी दुसऱ्याला सगळं माहीत असायचं.

ही रचना आबांची. टेलिफोन खात्यात एक्स्चेंजवर उभी हयात काढून ते निवृत्त झाले आणि भाऊंकडे आले. संगणक त्यांनी पंचावन्नाव्या वर्षी शिकला, तोही स्वतःच, आणि म्हणून जगात दुसऱ्या कुणी तो शिकला आहे यावर त्यांचा विश्वास नव्हता. खुर्चीत एक पाय दुमडून बसायचे. निळ्याच रंगाचे दोन शर्ट, त्यामुळे त्यांनी कपडे बदलले की नाही ते कळायचं नाही. बरोबर साडेबाराला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा. त्या वेळी भाऊंनी हाक मारली तरी ते मान हलवत नसत.

डेटाबेसमधल्या रकान्यांना इंग्रजी नावं द्यायची रीत आहे, म्हणजे नव्याने आलेल्याला ती वाचता येतात. आबांनी ती अहिराणीत दिली होती, इंग्रजी अक्षरांत लिहून. फोन ज्याचा त्याच्या नावाचा रकाना 'कोन'. गावाचा 'कठला'. फोन चालू आहे की बंद, त्याचा रकाना 'जित्ता'. आणि फोनने कोणत्या सर्व्हरवर येऊन आपली नोंद केली, त्याचा रकाना 'दार'. पहिल्या आठवड्यात मी विचारलं, की यांचा अर्थ कुठे लिहून ठेवला आहे का. आबा म्हणाले, "वाचता येतं ना तुला?"

प्रश्न विचारला की ते हमखास कुठेतरी पाठवायचे. एकदा पिंप्राळ्यातल्याच एका किराणा दुकानाचा फोन सारखा बंद पडत होता. मी कचेरीत बसून सगळं तपासलं, काही सापडेना. आबांना विचारलं. ते म्हणाले, "जाय, देखी ये." मे महिन्यातली दुपारची दोनची वेळ. स्कूटरचं हँडल हाताला चटके देत होतं. दुकानात जाऊन पाहते तर फोनच्या वायरवर गव्हाचं पोतं ठेवलेलं. ते उचललं, काम झालं. परत येऊन सांगितलं तर आबांनी नुसती मान डोलावली, जणू त्यांना ते पोतं तिथूनच दिसत होतं. "तुम्हाला माहीत होतं तर फोनवरून सांगता आलं असतं," मी म्हणाले. त्यावर त्यांनी दुकानदाराच्या आईचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे ते विचारलं. तेही मी पाहून यायला हवं होतं म्हणे.

आमचं खरं भांडण त्या एकाच डेटाबेसवरून झालं. सर्व्हर तीन होते, त्यांच्या वायरी आबा खुशाल उपटायचे. पण ज्या यंत्रावर डेटाबेस होता, त्याला त्यांनी कधी बोट लावलं नाही. ते यंत्र बंद पडलं तर तिन्ही सर्व्हर मुके होतील, हे मी त्यांना निदान वीस वेळा सांगितलं असेल. त्याची एक नक्कल धुळ्याला ठेवू, मूळ प्रतीत जे बदलेल ते तिच्यात आपोआप उतरेल, हे कागदावर चित्र काढून दाखवलं. आबांनी चित्र उलटं केलं, सुलटं केलं. म्हणाले, "माणूस एक, तर नोंद एक. दोन झाल्या की कोणती खरी, यावर भांडण लागतं." आणि कागद घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला.

मग एका दुपारी त्या यंत्राचा वीजपुरवठा करणारा भाग जळाला. रबर जळाल्याचा वास आला आणि जळगाव-धुळ्यातले आमचे सगळे फोन एकदम गप्प झाले. नवा भाग बाजारातून आणून बसवेपर्यंत दोन तास लागले. त्या दोन तासांत आबा जागचे हलले नाहीत. ते उंबऱ्यात उभे होते आणि त्यांचा चेहरा असा झाला होता, की माझ्या ओठांवर आलेलं 'मी सांगत होते' मी गिळलं. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "ठेव तुझी नक्कल धुळ्याला." बस, इतकंच.

हे मी सांगते आहे ते एवढ्यासाठी, की या प्रकाराने माझ्या डोक्यात हवा गेली. या माणसाच्या बाकीच्या हट्टांमध्येही काही अर्थ नसणार, अशी माझी खात्री झाली. आणि माझी नजर 'दार'वर गेली.

तो रकाना मला सुरुवातीपासून खुपत होता. धुळ्यातल्या एखाद्या फोनसाठी बाहेरून कॉल आला, तर तो आधी जळगावच्या सर्व्हरवर यायचा, कारण बाहेरच्या लाइन जळगावातच होत्या. जळगावचा सर्व्हर डेटाबेस बघायचा. त्यात त्या फोनचा इंटरनेटवरचा पत्ता सरळ लिहिलेला असायचा. पण आबांच्या नियमाप्रमाणे सर्व्हर त्या पत्त्यावर थेट जायचा नाही. आधी 'दार' बघायचा. तिथे धुळे असं असलं, की कॉल धुळ्याच्या सर्व्हरकडे सोपवायचा, आणि मग धुळ्याचा सर्व्हर फोन वाजवायचा. पत्ता खिशात असताना हा वळसा कशाला? मी आबांना विचारलं. ते म्हणाले, "तू सांग कशाला." मी म्हणाले, मला काही कारण दिसत नाही. ते म्हणाले, "मग दिसेपर्यंत राहू दे."

असं चार-पाच वेळा झालं. शेवटच्या वेळी मी चिडून म्हणाले, की मी काही शाळेतली मुलगी नाही. आबांनी कानामागचं पेन काढलं, ते उमटत नसे, आणि हवेत काहीतरी लिहिल्यासारखं करून परत कानामागे ठेवलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पुतणीच्या लग्नासाठी ते तीन दिवस भडगावला गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कचेरी बंद व्हायच्या आधी, मी 'दार'चा वळसा काढून टाकला. पत्ता असेल तर थेट कॉल. माझ्या टेबलावरच्या चार फोनवरून आलटून पालटून लावून पाहिलं. चारही क्षणात वाजले, आधीपेक्षा लवकर. मी खुशीत घरी गेले.

धुळ्यात आमचं मोठं गिऱ्हाईक एकच होतं, एक बाळंतपणाचा दवाखाना. बाकी एक बियाण्यांचं दुकान आणि एक क्लास, त्यांना लोक मोबाइलवरच गाठत. दवाखान्याच्या टेबलावरचा फोन एक बाई सांभाळायच्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. वीस वर्षं त्या त्या टेबलावर होत्या. जेवायला उठल्या तरी फोन दिसेल असं बसत. काही कामाने बोलणं झालं, की मला आधी वडिलांची तब्येत विचारत आणि मग काम सांगत.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. दुपारी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंचा मला मोबाइलवर फोन आला. आवाज थंडगार होता. साक्रीकडच्या एका खेड्यातली बाई त्यांच्याकडे नाव घातलेली होती. आठवा महिना, रक्तदाब वाढलेला. तिच्या नवऱ्याला त्यांनी बजावून ठेवलं होतं, की डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर निघायच्या आधी फोन कर, म्हणजे आम्ही भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलावून तयार राहू. त्या दिवशी सकाळी तसंच झालं. नवऱ्याने सांगितल्याप्रमाणे फोन केला. दहा ते बाराच्या दरम्यान अकरा वेळा केला. घंटी वाजायची, कुणी उचलायचं नाही. शेवटी तो जीप करून तसाच निघाला. वाटेत बायकोला झटका आला. दवाखान्यात पोचले तेव्हा भूल देणारे डॉक्टर गावाच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यांना यायला वेळ लागला. बाळ-बाळंतीण जगली, पण बाळ काचेच्या पेटीत होतं आणि आई अजून शुद्धीवर आली नव्हती.

"अक्का म्हणतात फोन वाजलाच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे काय नोंद आहे?"

मी डेटाबेस उघडला. 'जित्ता'मध्ये होय लिहिलेलं होतं, सकाळपासून. म्हणजे फोन चालू होता. अकरा कॉलही होते, एकाखाली एक, प्रत्येकापुढे 'उत्तर नाही'. खात्री करायला मी माझ्या टेबलावरून तो नंबर लावला. कानात घंटी ऐकू आली. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. माझ्या मनात आलं, बघा, आत्तासुद्धा जागेवर नाहीत.

आणि मी त्या अकरा कॉलची यादी छापून, खाली 'आमच्या बाजूने फोन व्यवस्थित चालू होता' असं लिहून दवाखान्याला पाठवून दिली.

थोड्या वेळाने अक्कांचा मला फोन आला, त्याच टेबलावरच्या फोनवरून. ताई, आज सकाळपासून हा वाजलाच नाही हो, मला वाटलं आज पेशंट कमी आहेत, असं काहीतरी त्या सांगत होत्या. मी त्यांना शांतपणे समजावलं, की तुम्ही आत्ता त्याच फोनवरून बोलताय ना, मग तो बिघडलेला कसा असेल? त्यांनी फोन ठेवला. संध्याकाळी त्यांच्या हाती खुलासा मागणारं पत्र पडलं. वीस वर्षांत पहिलं.

शनिवारी सकाळी आबा भडगावहून आले, कपाळावर लग्नाचं कुंकू तसंच होतं. मी त्यांना सगळा प्रकार सांगितला. माझ्या बाजूने सांगितला. यादी दाखवली. त्यांनी यादी हातात घेतली नाही.

"फोन वाजना का?" वाजला का, असं त्यांनी विचारलं.

"आबा, नोंद आहे ना. जित्ता होय आहे, अकरा कॉल गेलेत, मी स्वतः घंटी ऐकली."

"मी ते इचारं नही. तठे वाजना का?"

मी म्हणाले, ते मला इथून कसं कळणार. आबा संगणकापुढे बसले. मिनिटभर त्यांनी पडद्याकडे पाहिलं. त्यांना दिसलं असणार, कारण त्यांचा दुमडलेला पाय हळूच खाली आला. आधी त्यांनी दवाखान्याचा नंबर अक्कांच्या मोबाइलवर वळवून दिला, म्हणजे येणारे कॉल निदान तिथे वाजतील. मग मला म्हणाले, "जाय, देखी ये."

धुळ्याला. दोन तास एसटीत. मी पिशवी उचलली. भाऊंच्या केबिनकडे पाहिलं, तर त्यांनी चहाचा कप उचलून तोंडापुढे धरला होता. गेले. एरंडोल, पारोळा, सगळ्या वाटेवर आबांना ऐकवायची वाक्यं मनात जुळवत होते.

अक्कांनी मला टेबलाजवळ खुर्ची दिली. पाणी दिलं. वडिलांचं विचारलं नाही. मी माझ्या मोबाइलवरून आबांना कळवलं, की मी फोनसमोर बसले आहे. ते म्हणाले, मोबाइल चालूच ठेव. मग त्यांनी जळगावहून टेबलावरच्या फोनचा आतला नंबर लावला. मोबाइलमधून मला त्यांच्या बाजूची घंटी ऐकू येत होती, एक, दोन, तीन, सात, आठ. माझ्यापुढे हातभर अंतरावर तो फोन होता. हिरवा दिवा लागलेला. आवाज नाही. अक्का त्याच्याकडे बघत होत्या आणि मी अक्कांकडे बघू शकत नव्हते.

तिथे बसल्या बसल्या मला कारण दिसलं. दवाखान्याचं इंटरनेट ज्या डबीतून आत येतं, ती डबी बाहेरच्या अनोळखी कुणाला आत घेत नाही. आतल्या फोनने स्वतः जाऊन ज्याची ओळख केली, त्यालाच घेते. फोनने ओळख केली होती धुळ्याच्या सर्व्हरशी. जळगावच्या सर्व्हरला पत्ता माहीत होता, पण त्याला त्या दारात कुणी ओळखत नव्हतं. त्याची हाक डबीपाशीच थांबत होती, आणि तरीही कॉल करणाऱ्याच्या कानात आमचाच सर्व्हर घंटी वाजवत होता. माझ्या टेबलावरचे चार फोन वाजले, कारण ते सर्व्हरच्या घरातलेच होते, आणि अक्कांचा फोन मला लागला, कारण तो आतून बाहेर येत होता.

हे मी अक्कांना सांगितलं. मग आत जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं, की नोंद खोटी होती आणि ती खोटी माझ्यामुळे झाली होती. त्यांनी ते लिहून मागितलं. मी लिहून दिलं. अक्कांना दिलेलं खुलाशाचं पत्र त्यांनी परत घेतलं. व्हरांड्यात तो साक्रीकडचा माणूस बसला होता, चप्पल काढून, पाय पोटाशी घेऊन. अक्कांनी मला खुणेनेच तो दाखवला. मी त्याच्यापाशी जाऊन सांगितलं, की फोनवरच्या बाईंची चूक नव्हती, आमच्या यंत्राची होती, म्हणजे माझी. त्याने पाय खाली सोडले. मग एवढंच म्हणाला, "मले वाटनं, मन्हा नंबर देखीसन उचली नही राहिनात." माझा नंबर पाहून मुद्दाम उचलत नाहीत असं वाटलं. आदल्या दिवसापासून तो हे मनात धरून बसला होता.

बायको त्याच संध्याकाळी शुद्धीवर आली. बाळ नऊ दिवस पेटीत होतं, मग घरी गेलं. हे मला अक्कांकडून कळलं. मी रोज फोन करून विचारत होते आणि त्या रोज फक्त विचारलेल्याचं उत्तर देत होत्या.

सोमवारी कचेरीत गेले तर आबांनी वळसा परत पहिल्यासारखा करून ठेवला होता. मी वाट बघत होते, की आता बोलतील. त्यांनी विचारलं, पारोळ्याला बस थांबली होती का, तिथे चहा बरा मिळतो. मला तोंडावर सुनावलं असतं तरी चाललं असतं. ही चहाची चौकशी मात्र सहन झाली नाही. मी सगळ्यांसमोर त्यांना म्हणाले, "आबा, चूक माझी आहेच. पण तो रकाना कशाला आहे, ही एक ओळ तुम्ही कधीतरी लिहून ठेवली असती, तर मी हात लावला नसता. मी पाच वेळा विचारलं. पाच वेळा. तुम्ही मला कोडं घालत बसलात, आणि ते त्या बाईच्या जिवावर बेतलं."

भाऊ केबिनच्या दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले. आबांनी डबा पिशवीत घातला आणि निघून गेले. त्या दिवशी साडेबाराची भाकरी त्यांनी खाल्ली नाही.

पुढच्या दिवशी आले ते थेट माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले. "लिही," म्हणाले.

त्यानंतरचे पाच आठवडे मी आयुष्यात विसरणार नाही. रोज एक रकाना, एक तास. आबा सांगायचे आणि मी टंकायचे. एका वाक्याचं सरळ काम, त्याला ते गोल गोल फिरवायचे. 'कठला' समजावताना भडगावची नदी, नदीवरून पूर्वी गेलेली टेलिफोनची तार आणि त्या तारेवर बसणारे पक्षी आले. 'जित्ता'ला दोन दिवस लागले. फोन चालू असणं आणि तो वाजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून तिथे आणखी एक रकाना हवा, असं त्यांना स्वतःलाच सांगता सांगता सुचलं. मग आम्ही तो घातला. आता दर तासाला एक सर्व्हर प्रत्येक फोनला हाक मारून बघतो, की आतून खरंच उत्तर येतं का. मी लिहिलेलं ते वाचून घ्यायचे आणि प्रत्येक इंग्रजी शब्दाला अडायचे. मी रागातच होते. माझं टंकणं ऐकूनसुद्धा ते कळत असेल.

'दार' त्यांनी अगदी शेवटी घेतलं. त्या दिवशी मात्र नदी नाही, पक्षी नाहीत. त्यांनी सांगितलं आणि मी शब्दही न बदलता उतरवून घेतलं: "माणूस ज्या दारातून आत आला, त्याच दारातून त्याला हाक मारायची. दुसऱ्या दारातली हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही. आणि हाक मारणाऱ्याला वाटतं, तो मुद्दाम बोलत नाही." हे वाक्य अजून त्या डेटाबेसच्या माहितीत तसंच आहे. नवी मुलं येतात ती आधी हसतात, मग त्यांना समजतं, आणि मला कुणी तो प्रश्न विचारायला येत नाही.

काम संपलं त्याच महिन्यात आबा कायमचे भडगावला गेले. निरोपाला भाऊंनी शाल घातली. आबांनी ती लगेच घडी करून पिशवीत ठेवली. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी एक वायर उपटली, दोन मिनिटं उभे राहिले, परत खोचली आणि चपला घातल्या.

वर्षभर मी त्यांना एकही फोन केला नाही. एवढ्या मोठ्या चुकीनंतर, आपलीही बाजू थोडी चुकली, हे त्यांनी एकदाही म्हटलं नव्हतं. ते मला सलत होतं. अक्कांचं आणि माझं मात्र हळूहळू जुळलं. त्या पुन्हा वडिलांचं विचारायला लागल्या.

मागच्या महिन्यात धुळ्याला जाणं झालं. काम संपल्यावर अक्कांनी थांबवून घेतलं. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "तुमचे आबा त्या वेळी इथे येऊन गेले, ते तुम्हाला माहीत असेलच."

मला माहीत नव्हतं. मी कचेरीत त्यांच्यावर ओरडले, ते डबा घेऊन निघून गेले, तेव्हा ते घरी गेलेच नव्हते. सरळ एसटीत बसून धुळ्याला आले होते. अक्कांसमोर उभे राहून हात जोडले होते. म्हणाले, चूक माझी आहे, पोरीने विचारलं होतं आणि मी सांगितलं नाही, माहिती डोक्यात ठेवून मोठेपणा मिरवला. अक्का म्हणाल्या, "मी त्यांना म्हटलं, मग हे तिला सांगा ना, माझ्याकडे कशाला आलात? तर म्हणाले, तिला सांगितलं तर ती लगेच माफ करून टाकेल. मग माझ्याकडून त्या रकान्यांचे अर्थ लिहून होणार नाहीत. तिचा राग राहू द्या अजून."

परतीच्या बसमध्ये मी आबांना फोन लावला. दोन घंट्यांत उचलला. मागे कुठेतरी पाण्याची मोटर चालू होती. मी म्हणाले, "आबा, अक्कांनी सगळं सांगितलं. एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं? वर्षभर मला रागात ठेवलंत तुम्ही."

पलीकडे मोटर बंद केल्याचा आवाज आला.

"काम व्हयनं ना?" आबा म्हणाले.

काम झालं होतं. ते खरंच होतं, आणि म्हणून मला त्यांचा आणखीच संताप आला.